गाडी दोघांची, मंडळ सर्वांचे

आपल्याकडे मोटार घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो 'माणसे किती बसतात?' हा. विक्रेताही बॉनेट उघडण्याआधी मागचे दार उघडून दाखवतो. आजींना चढता-उतरता येईल ना, मुलांची दप्तरे आणि गावाहून येणारे तांदळाचे पोते मावेल ना, हे पाहूनच व्यवहार होतो. अशा घरात एखाद्याने दोनच आसनांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, डिकीत धड एक बॅग न मावणारी स्पोर्ट्स मोटार आणून उभी केली, तर काय होईल ते सांगायला नको. सासूबाई विचारणार, "बाकीच्यांनी काय रिक्षाने यायचे?" शेजारी कौतुक करतील, पण त्यात अर्धे कौतुक आणि अर्धा टोमणा.

थोडक्यात, स्पोर्ट्स मोटार हे आपल्या कुटुंबपद्धतीत न बसणारे वाहन. म्हणूनच तिचा मालक पुष्कळदा एकटा पडतो. एखादा रबरी पाइप फुटला तर नेहमीचा मेकॅनिक "साहेब, याचं सामान इथं मिळत नाही" म्हणून हात वर करतो. कोणत्या रस्त्यावर गाडीचे पोट घासते आणि कोणत्या रस्त्यावर नाही, हे विचारायला कोणी नसते. रविवारी पहाटे गाडी बाहेर काढावी, तीस किलोमीटर जाऊन एकट्याने चहा प्यावा आणि परत यावे, एवढ्यावरच हौस संपते. असे एकेकटे हौशी आता मुंबई-पुण्यातच नव्हे, तर नाशिक, कोल्हापूर, इंदूर, बडोदे, बंगळूर अशा शहरांतही आहेत. एकाच गावात राहून ते एकमेकांना ओळखत नाहीत. सिग्नलला गाड्या शेजारी आल्या, तर हात हलवतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात.

या मंडळींनी एकत्र यावे आणि गावापुरते एखादे साधे मंडळ सुरू करावे, असे सुचवण्यासाठी आजचा लेख आहे. ते कसे चालवावे म्हणजे टिकेल, आणि कसे चालवले तर बुडेल, हेही पाहू.

श्रीमंतांचे चोचले?

कोणी म्हणेल, कोटी कोटींच्या गाड्या घेणाऱ्यांच्या मंडळाशी आम्हा घरगुती वाचकांचा काय संबंध? शंका रास्त आहे, पण ती अर्धीच खरी आहे. स्पोर्ट्स मोटार म्हणजे महागडी मोटार असे समीकरण नाही. वजनाला हलकी, उंचीला बुटकी, वळणावर हाताच्या हुकमात राहणारी आणि कामापेक्षा आनंदासाठी चालवायची गाडी, एवढाच तिचा खरा अर्थ. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा तिथे आपल्याच रस्त्यांवरच्या फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड गाड्या धावत असत. पुढे आपल्याच देशात 'सॅन स्टॉर्म' ही फायबरच्या अंगाची, छत उघडणारी छोटी दोन आसनी गाडीही बनली. वडिलांची जुनी हेराल्ड जिवापाड जपणारा बँकेतला कारकून आणि परदेशी गाडीचा मालक असलेला कारखानदार, दोघांच्या डोळ्यांतली चमक एकच असते. प्रश्न इतकाच, की दोघे एका टेबलावर चहा पिऊ शकतील असे ठिकाण आपण निर्माण करू शकतो का? मंडळाची खरी कसोटी तिथेच लागते.

कारखाना गेला, मंडळ राहिले

या बाबतीत इंग्लंडमधील एक उदाहरण मोठे बोलके आहे. ऑक्सफर्ड येथे 'मॉरिस गॅरेजेस' नावाची मोटारींची विक्री व दुरुस्ती करणारी पेढी होती. तिचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांमध्ये फेरफार करून देखण्या, चपळ गाड्या बांधायला सुरुवात केली. पेढीच्या नावाची आद्याक्षरे घेऊन या गाड्या 'एमजी' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १९२८ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी 'मिजेट' ही चिमुकली दोन आसनी गाडी मांडली. इंजिन ८४७ सीसीचे, अंग लाकडाचे आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. किंमत १७५ पौंड. तोवर स्पोर्ट्स मोटार ही बड्या घरच्या पोरांची मिरासदारी होती. मिजेटमुळे ती नोकरदार तरुणांच्याही आवाक्यात आली.

या तरुणांनाच एकत्र येण्याची गरज वाटली. १९३० मध्ये मोटारींच्या एका नियतकालिकात पत्र आले, की एमजीच्या मालकांचा एक क्लब का असू नये? त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या उत्तरेला, हमरस्त्यालगतच्या एका खाणावळीत पहिली बैठक भरली आणि एमजी कार क्लब सुरू झाला. चिटणीसपद घेतले ते जॉन थॉर्नली या हिशेबनिशी शिकणाऱ्या तरुणाने. क्लबचे काम करता करता तो एमजीच्याच नोकरीत शिरला आणि १९५२ मध्ये त्या कारखान्याचा जनरल मॅनेजर झाला! हौसेने धरलेली वही माणसाला कुठवर नेते, पाहा.

पण गोष्टीचा खरा मथितार्थ पुढे आहे. ॲबिंग्डन येथील एमजीचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. नाव अनेक हातांतून फिरत शेवटी एका चिनी कंपनीकडे गेले. आज त्याच नावाच्या गाड्या गुजरातेत हालोल येथे बनतात, आणि २०२५ मध्ये विजेवर चालणारी एक दोन आसनी एमजी भारतातही विक्रीला आली. एवढ्या उलथापालथीत क्लब मात्र चालूच राहिला. त्याचे कार्यालय अजून ॲबिंग्डनमध्येच आहे. यंत्रे विकली गेली, मालक बदलले, पण माणसे एकमेकांना धरून राहिली. मंडळ गाड्यांचे नसते, माणसांचे असते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

दार किती रुंद ठेवायचे?

नवे मंडळ निघाले की पहिला वाद होतो तो 'कोणाला घ्यायचे' यावर. कोणी म्हणतो, फक्त दोन आसनी. कोणी म्हणतो, फक्त परदेशी. कोणी इंजिनाच्या ताकदीची अट घालतो, तर कोणी किमतीची. असे एकेक कुंपण घालत गेले, की आत चार माणसे उरतात आणि त्या चौघांतही पाचवा वाद सुरू होतो. मुंबईसारख्या महानगरात असे निवडक मंडळ एकवेळ चालेल. पण जिथे सगळ्या गावात मिळून दहा-पंधराच अशा गाड्या आहेत, तिथे दार रुंदच ठेवायला हवे.

माझ्या मते नियम एकच पुरे. जिला तिचा मालक केवळ कामासाठी नव्हे तर आवडीने चालवतो, ती गाडी आपली. नवी असो, जुनी असो, छत उघडणारी असो वा नसो. आणि गाडी नसलेल्यांचे काय? त्यांचेही स्वागतच करावे. मुलीच्या शिक्षणासाठी आपली लाडकी गाडी विकावी लागलेला गृहस्थ हा मंडळाचा सर्वात जाणता सभासद ठरू शकतो. स्पॅनर हातात धरायला शिकणारे कॉलेजातले पोर, अशा गाड्यांचे नाडीज्ञान असलेला म्हातारा मेकॅनिक, नुसती चित्रे जमवणारा शाळकरी मुलगा, या सगळ्यांना खुर्ची मिळावी. मेकॅनिकला तर मानाची खुर्ची द्यावी. गाडी बंद पडली की मंडळातल्या कोणाची कोटींची मिळकत उपयोगी पडत नाही, त्याचाच पान्हा उपयोगी पडतो.

वार एक, जागा एक

मंडळ कसे चालवावे हे शिकायला लांब जायला नको. आपल्या घरातल्या बायकांची भिशी पाहा. तिची घटना कोणी लिहीत नाही, अध्यक्ष कोणी नसतो, तरी वर्षानुवर्षे ती बिनबोभाट चालते. का? वार ठरलेला, रक्कम ठरलेली, आणि आलेल्याला खायला काहीतरी गरम मिळणार हेही ठरलेले. मोटारमंडळालाही तेवढेच लागते. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी सात, अमुक उपाहारगृह. कोणी येवो न येवो, सुरुवात करणाऱ्या दोघांनी तिथे असायचेच. पहिल्या महिन्यात चार जण येतील, दुसऱ्यात कदाचित दोनच. तरी वार बदलू नये. माणसाला सवय लागायला सहा महिने लागतात. 'या वेळी कधी भेटायचे?' अशी मोबाइलवर चर्चा सुरू झाली, की समजावे मंडळाला घरघर लागली.

जागा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. गाड्या उभ्या करायला सपाट, मोकळे अंगण हवे. आत शिरताना उंच उंबरठा किंवा खड्डा नको. चहा-मिसळ किंवा इडली-डोसा कोणाच्याही खिशाला परवडेल अशा भावात मिळायला हवी, कारण महागड्या हॉटेलात बैठक ठेवली की गरीब हौशी मुकाट्याने गळतो. तो कारण सांगत नाही, नुसता यायचा थांबतो. चौथी गोष्ट स्वच्छतागृहाची. ते नसेल तर बायका दुसऱ्यांदा येणार नाहीत.

पहिली दहा मिनिटे

नवा माणूस मंडळात टिकेल की नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत ठरते. तो बिचारा लांबवर गाडी लावतो, घुटमळतो, घोळक्याकडे पाहतो. घोळका आपल्याच गप्पांत रंगलेला असेल, तर चहाही न पिता तो निघून जातो. म्हणून दर बैठकीला एका सभासदाकडे एवढेच काम द्यावे, की दाराशी उभे राहायचे, नव्याचे नाव विचारायचे आणि त्याला चार जणांना नेऊन भेटवायचे. आपल्या लग्नकार्यात मांडवाच्या दाराशी अत्तर-गुलाबपाणी घेऊन कोणीतरी उभे असतेच. तोच रिवाज इथे.

'कितीला पडली?' हा प्रश्न मात्र मंडळात कोणीही कोणाला विचारू नये. किंमत विचारली की लगेच उतरंड तयार होते. त्याऐवजी 'ही कुठे मिळाली?' असे विचारावे. त्या प्रश्नाला प्रत्येक गाडीची एक गोष्ट असते, आणि गोष्ट सांगताना कारकून आणि कारखानदार सारखेच रंगतात.

आणखी एक पथ्य आहे. एखादी बाई स्वतःची गाडी चालवत आली, तर गाडीविषयीचे प्रश्न तिलाच विचारावेत, शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला किंवा भावाला नव्हे. आजही हे पुष्कळांना जमत नाही. त्यांच्यासाठी सांगतो, फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांच्या खडतर शर्यतीत १९३५ साली एमजीच्या तीन छोट्या गाड्यांचा संघ उतरला होता. चालक होत्या सहा स्त्रिया, आणि तिन्ही गाड्यांनी शर्यत पुरी केली. नव्वद वर्षांपूर्वी हे घडले आहे. आता तरी आश्चर्य वाटून घेणे थांबवू या.

दिंडीसारखे चाला

आता सर्वात गंभीर मुद्दा. चहाच्या बैठका झाल्या, ओळखी झाल्या, की एकत्र फेरफटका मारायची हुक्की येणारच. कोल्हापूरकरांना पन्हाळा हाकेवर आहे, नाशिककरांना त्र्यंबकेश्वर, बंगळूरकरांना नंदी हिल्स. जरूर जावे. पण दहा ताकदवान गाड्या एका मागोमाग निघाल्या, की शांत माणसाच्या पायालाही खाज सुटते. पुढचा जरा पुढे जातो, मागचा त्याला गाठू पाहतो, आणि कोणी 'शर्यत' हा शब्द न उच्चारताही शर्यत सुरू होते.

तिची किंमत कोण मोजतो, हे अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन या गावाने पाहिले आहे. न्यूयॉर्क राज्यातील या गावात १९४८ पासून स्पोर्ट्स मोटारींची शर्यत गावच्या रस्त्यांवरूनच भरत असे. हौशी मंडळी, रस्त्याच्या कडेला जमलेले हजारो लोक, जत्रेचे वातावरण. १९५२ मध्ये एक गाडी प्रेक्षकांना जाऊन धडकली आणि सात वर्षांचा एक मुलगा मरण पावला. त्यानंतर गावातल्या रस्त्यांवरून शर्यत कायमची हटली आणि पुढे १९५६ मध्ये स्वतंत्र बंदिस्त मार्ग बांधला गेला. तो मुलगा कोणाचा स्पर्धक नव्हता. तो नुसता बघायला आला होता. आपल्या रस्त्यांवर तर शाळेला निघालेली पोरे, दुधाचे कॅन लावलेल्या सायकली, गुरे आणि उलट दिशेने येणारे ट्रॅक्टर असे सगळेच असतात.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तोच गुन्हा पुन्हा केल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय आपली विमा पॉलिसी घरी काढून नीट वाचा. शर्यत आणि वेगचाचणीसाठी केलेला वापर त्यात वगळलेला असतो. म्हणजे गाडीही गेली आणि भरपाईही गेली. ज्याला खरोखर वेग अनुभवायचा आहे, त्याने बंदिस्त मार्गावर, प्रशिक्षकाच्या हाताखाली, शिरस्त्राण घालून तो अनुभवावा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून असा मार्ग आहे. कोइमतूरला आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडालाही आहे. मंडळाने वर्षातून एकदा तिथली सहल काढावी आणि वेगाची हौस तिथेच फेडून घ्यावी.

रस्त्यावर मात्र चालावे ते दिंडीसारखे. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात आणि कोणी कोणाला ओलांडून पुढे धावत नाही. तेच नियम आपण घ्यावेत. चार-पाच गाड्यांची एक तुकडी, दोन तुकड्यांमध्ये दहा मिनिटांचे अंतर. सर्वात पुढे शांत डोक्याचा माणूस, सर्वात मागे अनुभवी. एका गाडीपासून दुसरीपर्यंत निदान तीन सेकंदांचे अंतर. थांबायची ठिकाणे आधी कागदावर लिहून प्रत्येकाच्या हातात, म्हणजे मागे पडला तरी कोणी घाबरून पाठलाग करत नाही. गावातून जाताना इंजिनाचा आवाज करायचा नाही. सकाळी सातला आपली हौस असते, तेव्हा कोणाकडे तान्हे बाळ नुकते झोपलेले असते. आणि दारूचा थेंबही नको, परतीच्या जेवणातसुद्धा. एकाने नियम मोडला, तर त्याच दिवशी, नम्रपणे पण स्पष्ट, त्याला सांगावे. दुसऱ्यांदा मोडला, तर पुढच्या सहलीला त्याला बोलावू नये, मग त्याची गाडी कितीही भारी असो.

मागून येणारी घरची गाडी

सुरुवातीचा सासूबाईंचा प्रश्न अजून बाकी आहे. बाकीच्यांनी कसे यायचे? दोन आसनी गाडीत नवरा-बायको बसले तर मुले राहिली. मुलाला घेतले तर बायको राहिली. दर रविवारी सकाळी गृहस्थ एकटाच उठून जाऊ लागला, तर घरात धुसफूस होणारच, आणि ती रास्तच असते. कित्येक हौशी मंडळे बंद पडतात ती पैशांअभावी नव्हे, तर सभासदांच्या घरातली ही धुसफूस वाढत गेल्याने.

यावर साधा उपाय आहे. प्रत्येक सहलीच्या शेवटी दोन-तीन मोठ्या घरगुती गाड्या ठेवाव्यात. त्यांत मुले, आजी-आजोबा, डबे, सतरंज्या, पाण्याचे कॅन. त्याच गाड्यांत हवा भरायचा पंप, टोचणदोर, जादा कूलंट आणि प्रथमोपचाराची पेटी. म्हणजे जी गाडी घरच्या माणसांना आणते, तीच बंद पडलेल्या स्पोर्ट्स मोटारीला ओढूनही आणते! सहलीत सर्वात कमी फोटो तिचे निघतात आणि सर्वात जास्त उपयोग तिचा होतो. मुक्कामी पोचल्यावर बाजूच्या आसनांची अदलाबदल करावी. येताना मुलगी बसली तर जाताना आई. आणि ज्या बायकांना चालवायची आहे, त्यांना किल्ली द्यावी. परवाना पर्समध्ये असतोच, किल्ली मिळत नाही एवढेच.

पहिली सहल लांबची नको. एका बाजूला पन्नास किलोमीटरच्या आत, दुपारच्या जेवणाला घरी. मार्ग आदल्या आठवड्यात एकाने स्वतः जाऊन पाहून यावा. गतिरोधकांची नोंद तर हवीच. मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. पण गावोगावी लोकांनी आपल्या मनाने घातलेले उंचवटे पाहिले, की मानक कागदावरच राहिल्याचे कळते. स्पोर्ट्स मोटारीचे पोट बहुधा जमिनीपासून १० ते १३ सेंटीमीटरवरच असते. अशा ठिकाणी गाडी थांबवून, तिरकी घेऊन, एकेक चाक सावकाश चढवावे लागते. कोणत्या रस्त्यावर असे किती उंचवटे आहेत, ही एक वही जरी मंडळाने ठेवली, तरी सभासदांचे हजारो रुपये वाचतील.

वर्गणी, वही आणि कागदपत्रे

सुरुवातीला वर्गणी ठेवूच नये. ज्याने त्याने आपापल्या चहाचे पैसे द्यावेत. मोबाइलवर एक गट करावा, पण त्यात फक्त बैठकीची सूचना, मदतीची हाक आणि सुट्या भागांची चौकशी. सुप्रभात आणि राजकारण दोन्ही बाहेर. एका वहीत सभासदाचे नाव, गाडी, रक्तगट, घरचा एक फोन आणि त्याला काय येते, याची नोंद. शेवटचा रकाना मोलाचा आहे. कोणाला वायरिंग येते, कोणाला शिवणकाम, कोणाकडे मोठे गॅरेज, कोणाचा भाऊ परदेशी, तिथून तो पार्ट पाठवू शकतो.

बैठकीत दर वेळी अर्धा तास कामाच्या विषयाला द्यावा. उदाहरणार्थ, आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर मिळते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि गास्केट अशा पेट्रोलाने लवकर खराब होऊ शकतात. ते कसे तपासावेत आणि कशाने बदलावेत, हे जाणत्याने समजावून सांगावे. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल, तर तिच्यासाठी २०२१ पासून 'व्हीए' या अक्षरांची वेगळी नोंदणी आहे. पण ती घेतल्यावर गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. ही माहिती अर्ज भरण्याआधी हवी, नंतर नव्हे.

मंडळाची रीतसर नोंदणी करायची असेल, तर संस्था नोंदणी कायदा, १८६० प्रमाणे किमान सात जण लागतात. पण त्याची घाई करू नये. वर्षभर नियमित भेटणारे सात जण आधी मिळू द्यावेत. जिथे माणसांआधी पदे निर्माण होतात, तिथे अध्यक्ष आणि सरचिटणीस यांच्या भांडणातच मंडळ संपते. सुरुवातीला एक चिटणीस पुरे, आणि त्याची पात्रता एकच, त्याने प्रत्येक निरोपाला उत्तर दिले पाहिजे. लोकांकडून पैसे घेऊन गाडीतून चक्कर मारून आणण्याच्या भानगडीतही पडू नये. खासगी गाडीच्या परवान्यात आणि विम्यात ते बसत नाही. मुलांना चक्कर मारायची असेल तर हौसेने, फुकट आणि सावकाश मारावी.

निमंत्रण असे लिहा

एवढे वाचून कोणाला खरेच सुरुवात करावीशी वाटली, तर गॅरेजमध्ये, पेट्रोल पंपावर आणि टायरच्या दुकानात लावायला एक साधा कागद पुरतो. मजकूर असा असावा:

"आवडीने मोटार चालवणाऱ्यांनो, महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही चहाला भेटतो. गाडी कोणतीही चालेल, जुनी चालेल, बंद पडलेली असेल तर नुसता तिचा फोटो आणा. गाडी नसेल तरी या. घरच्यांना घेऊन या. वर्गणी नाही. शर्यत नाही. दाराशी आमच्यापैकी एक जण उभा असेल, त्याला आपले नाव सांगा."

खाली दोन नावे आणि दोन फोन नंबर. त्यातले एक नाव बाईचे असले तर फारच उत्तम. कागद लावून झाला की पहिल्या रविवारी पावणेसातलाच तिथे जाऊन बसावे, आणि चहा सांगताना दोन कप जास्तीचे सांगावेत.